विल्यम रॉबिन्सन (उद्यानतज्ज्ञ)

विल्यम रॉबिन्सन (जन्म : ५ जुलै १८३८, आयर्लंड, मृत्यू : मे १९३५, ग्रेव्हटाय, इंग्लंड) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले व इंग्लंडमध्ये कीर्ती पावलेले उद्यानतज्ज्ञ, लेखक आणि संपादक होते. घराभोवतीच्या बागेत कोणती झाडे लावावीत, याचा निर्णय त्या ठिकाणच्या हवामानाला विचारून करावा, हा विचार त्यांनी इंग्रजी बागकामात रुजवला. थंडी न सोसणाऱ्या रंगीत वनस्पतींनी भरलेल्या वाफ्यांचे ते कडवे विरोधक म्हणून ओळखले जातात. मात्र अशाच वनस्पतींवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला आहे, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील काचेवरील कर १८४५ साली रद्द झाला आणि काचगृहे बांधणे पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाले. दक्षिण आफ्रिकेतील जिरेनियम, दक्षिण अमेरिकेतील व्हर्बिना व कॅल्सिओलारिया, आग्नेय आशियातील कोलियस अशा वनस्पती श्रीमंतांच्या बागांत मोठ्या प्रमाणावर आल्या. आपापल्या मायभूमीत यांपैकी बहुतेक वनस्पती वर्षानुवर्षे जगणाऱ्या. इंग्लंडमध्ये मात्र पाणी गोठवणाऱ्या पहिल्याच रात्री त्यांची पाने काळी पडत. म्हणून उन्हाळा सरताना फाटे कलमे करायची, ती भट्टीच्या उबेवर काचगृहात हिवाळाभर सांभाळायची, मे महिन्याच्या अखेरीस थंडीचे भय सरल्यावर बाहेर वाफ्यांत लावायची आणि शरद ऋतूत सारे पुन्हा उपटायचे, असा क्रम दरवर्षी चाले. चार महिन्यांच्या रंगासाठी हजारो रोपे, गाड्या भरून कोळसा आणि माळ्यांची रात्रीची जागरणे खर्ची पडत.

आरंभीचे जीवन

रॉबिन्सन यांनी लहान वयातच वॉटरफर्डच्या मार्क्विसच्या करामोर येथील बागेत मजुरी करून उमेदवारी केली. पुढे बॅलीकिलकॅव्हन येथील एका जमीनदाराच्या बागेत वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी काचगृहांची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८६१ सालच्या हिवाळ्यात मालकाशी झालेल्या भांडणानंतर त्यांनी काचगृहांच्या भट्ट्या विझू दिल्या, त्यात मौल्यवान रोपे मेली आणि ते रातोरात निघून गेले, अशी कथा त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. तिच्या खरेपणाविषयी चरित्रकारांत एकमत नाही. त्यांच्या पुढील मतांशी ती फारच जुळते, हेच तिच्या लोकप्रियतेचे कारण असावे.

डब्लिनजवळील ग्लासनेव्हिन वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांच्या साहाय्याने त्यांना लंडनच्या रीजंट्स पार्कमधील उद्यानात काम मिळाले. तेथे त्यांच्याकडे थंडी सोसणाऱ्या, म्हणजे काटक वनस्पतींचा विभाग होता. रानफुलांच्या शोधात ते इंग्लंडभर हिंडले. काचेबाहेर, कोणाच्याही देखरेखीविना फुलणाऱ्या वनस्पती किती आहेत, हे त्यांना या भटकंतीत दिसले. १८६६ साली ते लिनियन सोसायटीचे सदस्य झाले. त्यांची शिफारस करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन होते.

पॅरिस आणि उष्णकटिबंधीय शैली

१८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने रॉबिन्सन पॅरिसला गेले. तेथील सार्वजनिक उद्यानांत बारिये-देशां या उद्यानरचनाकाराने केळी, कर्दळ, अळू यांसारख्या मोठ्या पानांच्या वनस्पती हिरवळीवर मांडल्या होत्या. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये जॉन गिब्सन यांनी १८६४ साली असाच प्रयोग केला होता. हे गिब्सन तरुणपणी ऑर्किडांच्या शोधात भारतात, खासी टेकड्यांत येऊन गेले होते. कोकणात विहिरीच्या पाटाशी आपसूक वाढणारे अळू आणि उकिरड्याकडेला उगवणारा एरंड युरोपात कौतुकाने पाहिला जाई, यात हवामानाचा सारा न्याय दिसतो.

रॉबिन्सन यांना या पानांचे सौंदर्य मनापासून पटले. एका रंगाच्या सपाट पट्ट्यांपेक्षा त्यांत आकार होता, उंची होती, सावली होती. मात्र १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि सबट्रॉपिकल गार्डन’ या ग्रंथात त्यांनी प्रश्न उलटा विचारला : हाच परिणाम काचगृहाशिवाय साधता येईल का? यक्का, पाम्पास गवत, बांबू, अकँथस या थंडीत टिकणाऱ्या वनस्पती त्यांनी पुढे केल्या. आयलँथससारखा वृक्ष दरवर्षी जमिनीलगत छाटला, की नव्या फुटीला प्रचंड पाने येतात, ही युक्तीही त्यांनी सांगितली. नाजूक वनस्पतींना त्यांनी सरसकट हद्दपार केले नाही. ज्या उघड्यावर उन्हाळाभर खरोखर जोमाने वाढतात त्या घ्याव्यात, कुढत जगणाऱ्या सोडाव्यात, अशी त्यांची कसोटी होती. कर्दळ या कसोटीला उतरते. मवाळ हिवाळ्याच्या प्रदेशात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, तर तिचे कंद जमिनीतच तग धरतात; कडक थंडीत ते काढून कोरड्या जागी ठेवावे लागतात. पुण्यामुंबईच्या बागांत हा प्रश्नच उद्भवत नाही.

लेखन व वाद

‘दि वाइल्ड गार्डन’ (१८७०) या पुस्तकात त्यांनी काटक वनस्पती, मग त्या देशी असोत वा परदेशी, रानात व गवतात मोकळ्या सोडण्याचा पुरस्कार केला. १८७१ साली त्यांनी ‘दि गार्डन’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘दि इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (१८८३) या ग्रंथाच्या त्यांच्या हयातीत पंधरा आवृत्त्या निघाल्या. मोठ्या वाड्यांपुरते असलेले बागकामाचे ज्ञान या लेखनामुळे लहान घरांच्या मालकांपर्यंत पोहोचले. गर्ट्रूड जेकिल या त्यांच्या नियतकालिकात लिहीत. काटक बहुवर्षायू वनस्पतींच्या ताटव्यात डेलिया व कर्दळ मिसळून त्यांनी जी रंगसंगती साधली, तिला रॉबिन्सन यांच्या विचाराचा अधिक समजूतदार अवतार म्हणता येईल.

रॉबिन्सन यांचा स्वभाव भांडखोर होता. वास्तुरचनाकार रेजिनाल्ड ब्लोमफील्ड यांनी १८९२ साली आखीव बागेची बाजू मांडली, तेव्हा रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी जळजळीत प्रत्युत्तर लिहिले. प्रत्यक्षात त्यांच्या स्वतःच्या घरालगतचे वाफे चौकोनी आणि दगडी कडांचेच होते.

ग्रेव्हटाय

लेखनाच्या मिळकतीतून त्यांनी १८८४-८५ च्या सुमारास ससेक्समधील ग्रेव्हटाय हा सोळाव्या शतकातील वाडा व भोवतालची जमीन विकत घेतली. नाजूक समजले जाणारे टी गुलाब त्यांनी येथे उघड्यावर वाढवले आणि त्यांच्या पायाशी इतर फुलझाडे लावून माती झाकली. पुढे पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तरी बागेतील देखरेख त्यांनी सोडली नाही. ते अविवाहित होते. शवदहनाचा त्यांनी इंग्लंडमध्ये अनेक वर्षे पुरस्कार केला होता, त्यास अनुसरून त्यांच्या पार्थिवाचे दहन करण्यात आले. ग्रेव्हटायच्या वाड्यात आता हॉटेल असून तेथील बाग राखली जाते.