बापूंची डाक

मैत्रिणींनो, आज जे सांगणार आहे, त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीने होते. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव चोरखमारा. तिरोडा तालुक्यातलं, तलावाकाठचं. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं जंगल. इथे सगळं जगणं धानावर. शेजारी एक आजी राहतात, एकट्याच. एकरभर बांधी, दोन शेळ्या आणि नागपूरला दिलेली लेक, एवढाच त्यांचा संसार. मागच्या वर्षी लोंबी भरायच्या दिवसांत रानडुकरांनी एका रात्रीत त्यांची बांधी लोळवली. अर्जबिर्ज झाले, पण हाती काही लागलं नाही. दिवाळीच्या आधी एका रात्री त्या टॉर्च घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, दिल्लीच्या मोठ्या साहेबांना माझी चिठ्ठी लिहून दे.

मी लिहून दिली. मुलाच्या वहीचं पान फाडून, दीड पान. आजी सांगत गेल्या. डुकरांचं दोन ओळींत आटोपलं. बाकी सगळं नवरा कसा गेला, लेकीचं लग्न कसं केलं, रात्री मचाणावर एकटीला कशी भीती वाटते, असं. शेवटी अंगठा उमटवला. उद्या पोस्टात टाकते म्हणून मी ते पान घेतलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. मनात म्हटलं, कोण वाचणार आहे दिल्लीत हे! उगीच म्हातारीची समजूत. त्यानंतर आजी दर चार दिवसांनी पोस्टमनदादांना थांबवायच्या आणि मला विचारायच्या, उत्तर आलं का? मी नाही म्हणायची. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

संक्रांतीनंतर आमच्या बचत गटाची सहल निघाली. तिरोड्याहून रेल्वेने वर्ध्याला आणि तिथून सेवाग्रामला. बापू कुटी पाहिली, बा कुटी पाहिली. मातीच्या भिंती, खाली अंथरलेली चटई, बसून लिहायचं छोटंसं डेस्क. व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवून दिलेला टेलिफोनही तिथे आहे. पण माझ्या मनात वेगळीच गोष्ट रुतून बसली. या गावाचं मूळ नाव शेगाव. आपल्या विदर्भात दुसरं शेगाव आहेच, गजानन महाराजांचं. बापूंच्या नावाने येणाऱ्या डाकेचा त्यामुळे घोटाळा व्हायचा, पत्रं इकडची तिकडे जायची. म्हणून 1940 साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. लोकांची पत्रं चुकू नयेत म्हणून गावाचं नाव बदललं! हे ऐकलं आणि मला साड्यांखालचं ते दीड पान आठवलं.

घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणली. शाळेत शिकलेले गांधीजी म्हणजे दांडी, चरखा आणि परीक्षेतले पाच मार्क. आता वाचलं ते वेगळ्याच नजरेने. वाटलं, या माणसाचं सगळं आयुष्यच पत्रांच्या धाग्यात ओवलेलं आहे.

2 ऑक्टोबर 1869 ला पोरबंदरला जन्म. पंधराएक वर्षांचे असताना भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा त्यांनी चोरला, कर्ज फेडण्यासाठी. मग मन खाऊ लागलं. तोंडाने सांगायची हिंमत होईना, म्हणून चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती उठून बसून वाचली. डोळ्यांतलं पाणी कागदावर ओघळलं. ते रागावले नाहीत, बोलले नाहीत. क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. कागदाच्या एका तुकड्यात किती ताकद असते, हे या मुलाला तेव्हाच कळलं असणार.

पुढे 1888 साली बॅरिस्टर व्हायला ते विलायतेला गेले. 1891 मध्ये परतले, तेव्हा मुंबईत पाऊल टाकल्यावर कळलं की आई गेली. परदेशात पोराला धक्का नको, म्हणून थोरल्या भावाने ते कळवलंच नव्हतं. न लिहिलेल्या पत्राचं दुःखही त्यांच्या वाट्याला आलं.

1893 ला ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे 1903 मध्ये इंडियन ओपिनियन हे साप्ताहिक सुरू झालं आणि दर आठवड्याला वाचकांच्या पत्रांचा ढीग येऊ लागला. कुणी कौतुक करायचं, कुणी कडवट बोलायचं. बापू ती सगळी वाचत, विचार करून उत्तरं देत. सगळा समाज आपल्याशी मोठ्याने बोलतो आहे असं त्यांना वाटायचं. आणि त्यांनी स्वतःही असंच एक पत्र टाकलं होतं बरं का! 1909 साली लंडनहून थेट रशियात, टॉलस्टॉयला. केवढा मोठा लेखक, ऐंशी ओलांडलेला, आणि लिहिणारा तर अनोळखी! पण टॉलस्टॉयने उत्तर दिलं. मरणाच्या दोन महिने आधी, 1910 मध्ये, एक लांबलचक पत्रही लिहिलं. मोठ्या माणसाचं उत्तर आलं की छाती कशी भरून येते, हे बापूंनी स्वतः अनुभवलं होतं.

1915 ला ते भारतात परतले. 1916 च्या लखनौ काँग्रेसमध्ये बिहारचा एक शेतकरी, राजकुमार शुक्ल, त्यांच्यामागे लागला. चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांनी चालवलेला जुलूम एकदा येऊन बघा म्हणायचा. भेटून झालं, मग पत्र लिहिलं, पण पिच्छा सोडला नाही. अखेर 1917 च्या एप्रिलमध्ये बापू गेले. तिथे भाषणं ठोकली नाहीत. राजेंद्रप्रसादांसारखे वकील मांडी घालून बसले आणि निरक्षर शेतकऱ्यांच्या तक्रारी एकेक करून लिहून घेऊ लागले. हजारो जबान्या झाल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं दुसऱ्यांनी लिहून घेतलं. 1918 मध्ये कायदा झाला आणि निळीची सक्ती गेली. हे वाचताना मी पुस्तक मिटलं. आजींचंही मी लिहूनच घेतलं होतं की. फक्त पुढे पाठवलं नव्हतं.

आपल्या बायकांसाठी तर बापूंनी फार लिहिलं. 1926 च्या डिसेंबरपासून ते दौऱ्यावर असताना साबरमती आश्रमातल्या बहिणींना दर सोमवारी पत्र लिहायचे. सोमवार त्यांच्या मौनाचा. स्वयंपाकघरातली भांडणं, प्रार्थनेला उशीर, दागिन्यांचा मोह, सगळं त्यात यायचं. पुढे येरवड्याच्या तुरुंगातूनही पत्रं सुटायची. आपल्या प्रेमाताई कंटक, ज्यांनी पुढे सासवडच्या आश्रमात आयुष्य वेचलं, त्या तर बापूंशी पत्रांतून वादही घालायच्या. आणि बापू उत्तर द्यायचे.

1936 साली ते सेवाग्रामला येऊन राहिले. मग देशभरची डाक आपल्या वर्ध्याकडे वळली. नुसतं नाव आणि जिथे असतील तिथे एवढाच पत्ता लिहिलेली पाकिटंही त्यांना बरोबर पोचायची. देशाच्या कारभाराच्या पत्रांसोबत कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं नवऱ्याशी पटत नाही, कुणाच्या पोराचा ताप उतरत नाही. स्वराज्याचा मसुदा बाजूला ठेवून पोटावर मातीची पट्टी कशी ठेवायची, हे ते लिहून कळवायचे. उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहायचे. आलेलं पाकीट उलगडून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे, कागद वाया जाऊ द्यायचा नाही. हे काम एकट्याचं नव्हतं. महादेवभाई देसाई वर्षानुवर्षं सावलीसारखे सोबत होते. 15 ऑगस्ट 1942 ला ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेले आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबाही तिथेच गेल्या.

खरं सांगू? सगळं गोड गोडच वाचायला मिळालं असंही नाही. कस्तुरबांना लिहिणं-वाचणं जेमतेमच यायचं. थोरला मुलगा हरिलाल याने 1915 मध्ये वडिलांना उद्देशून एक पत्र छापूनच काढलं. मला शिकवलं नाही, माझं ऐकलं नाही, ही त्याची तक्रार. ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. अख्ख्या देशाला उत्तरं देणाऱ्या बापाला घरातल्या या एका पत्राचं समाधान करता आलं नाही. हे वाचून बापू माझ्यासाठी लहान झाले नाहीत. देव्हाऱ्यातून उतरून माणसांत आले, इतकंच.

30 जानेवारी 1948 ला दिल्लीत त्यांचा खून झाला. मागे घर नाही, जमीन नाही. पण त्यांचं लिखाण गोळा केलं तेव्हा त्याचे इंग्रजीत शंभर खंड भरले आणि त्यात पत्रंच पत्रं आहेत. लोक त्यांना का मानत होते, याचं एक कारण मला त्या ढिगात सापडलं. लोकांनी लिहिलं, कारण कुणीतरी वाचतं याची त्यांना खात्री होती. आणि लोक काय सोसतात हे बापूंना कळलं, कारण लोक लिहीत होते.

मग मी उठले. साड्यांखालून ते पान काढलं आणि आजींकडे गेले. बापूंसारखी चिठ्ठी लिहून कबुली द्यायची तर आजींना वाचता कुठे येतं! तोंडानेच सांगावं लागलं. आजी शेळीला पाला घालत होत्या. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकावे लागणार. मग त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, आता टाकतेच आहेस तर शेवटी एवढं वाढव, उन्हाळी धानातही डुकरं आली म्हणावं.

मी ओट्यावरच बसून ती ओळ वाढवली. आजींनी तिच्याखाली पुन्हा अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी तिरोड्याला जाऊन स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पावती आजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती देवाच्या फोटोमागे खोचली आहे.

अजून उत्तर आलेलं नाही. पण आता पोस्टमनदादांची सायकल गल्लीत वळली की आजींच्या आधी मीच दारात येते.