सफेद्याखालचा चेहरा

अठराव्या शतकाच्या मध्यास लंडन शहराने ज्या दोन बहिणींना डोक्यावर घेतले, त्यांतील थोरली मारिया गनिंग. आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यातल्या एका खानदानी पण कर्जबाजारी घरात ती वाढली. हुंड्यापुरताही पैसा नव्हता. होते ते मुलींचे रूप, आणि आईने तेच भांडवल मानले. १७४८ मध्ये डब्लिनच्या किल्ल्यात व्हाइसरॉयच्या समारंभाला जाण्यासाठी मुलींकडे धड पोशाखही नव्हते. तेव्हा नाट्यगृहातील वेष उसने आणून त्या गेल्या, असे सांगितले जाते.

पुढची चार वर्षे एखाद्या अद्भुत कथेत शोभावी अशी गेली. १७५० च्या अखेरीस दोघी दुसऱ्या जॉर्ज राजाच्या दरबारात दाखल झाल्या. १७५२ च्या फेब्रुवारीत धाकट्या एलिझाबेथने ड्यूक ऑफ हॅमिल्टनशी विवाह केला आणि पुढच्याच महिन्यात मारिया कॉव्हेंट्रीच्या सहाव्या अर्लची पत्नी झाली.

उमराव स्त्रियांच्या शृंगारात त्या काळी सफेद्याला पहिले स्थान होते. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवून, शेणखताच्या उबेत मुरवून ही शुभ्र पूड तयार होई. चेहऱ्यावर ती दाट बसे व देवीचे व्रणही झाकून टाकी. गालांवर लाली चढे. तिच्यातही पुष्कळदा पाऱ्याचा हिंगूळ असे. मारियाला खरे तर या साऱ्याची गरज सर्वांत कमी होती. पण राजधानीची रीत तशी होती, आणि जिचे सारे स्थान चेहऱ्यावर उभे आहे तिला रीत मोडणे परवडत नाही.

सफेद्याची खरी खोड अशी, की तो स्वतःच केलेली इजा स्वतःच झाकतो. त्याने त्वचा चुरचुरते, पुरळ उठते, रंग करडा पडतो. ते लपवायला दुसरा थर हवासा वाटतो. शिसे अखंड त्वचेतून फारसे आत शिरत नाही. परंतु पूड श्वासावाटे जाते, ओठांवरून पोटात जाते, फुटलेल्या त्वचेला तर अडसरच नसतो. नाजूक त्वचेच्या स्त्रीने काही लावल्यावर आग झाली तर ते ताबडतोब धुऊन पुन्हा वापरू नये, नवे प्रसाधन आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून काही दिवस वाट पाहावी, सुगंधविरहित व मोजक्या घटकांचे निवडावे, असे त्वचारोगतज्ज्ञ आज सांगतात. मारियाच्या काळी डबीवर घटक लिहिण्याची पद्धतच नव्हती. प्रसाधनांत रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास भारतात आज कायद्याने बंदी आहे.

तिला कोणी अडवलेच नाही, असे मात्र नव्हे. लग्नानंतर हे दांपत्य पॅरिसला गेले असता तिने मनाईविरुद्ध लाली लावल्याचा अर्लला संशय आला. भर मेजवानीत त्याने तिला टेबलाभोवती गाठले आणि रुमालाने तिचा चेहरा खसाखसा पुसला. पत्रांतून ही हकिगत लंडनभर पसरली. काळजी होती की नवरेपणाचा तोरा, कोण जाणे. चारचौघांत झालेल्या अपमानाने कोणाची सवय सुटत नसते. मारियाचीही सुटली नाही.

१७५९ मध्ये हाइड पार्कमध्ये तिच्याभोवती इतकी झुंबड उडाली, की राजाने तिला शिपायांचे संरक्षण दिले. पुढच्या रविवारी पुढे दोन सार्जंट व मागे बारा शिपाई अशा थाटात ती बागेत फिरली. शहराने याची यथेच्छ टिंगल केली. ती भोळी होती, फटकळही होती. लंडनमध्ये आता काय पाहायचे राहिले, असे वृद्ध राजाने विचारता, फक्त राज्याभिषेक राहिला, असे तिने सांगून टाकले. त्यासाठी राजाला आधी मरावे लागेल, हे तिच्या ध्यानातही आले नाही. राजा मात्र मनमुराद हसला.

ती खचली ती त्यानंतरच्या वर्षी. क्षयाची लक्षणे होती, असे काही समकालीनांचे मत होते. लोकांनी दोष सफेद्याला दिला. इतक्या वर्षांनंतर निवाडा करणे अशक्य आहे, आणि कदाचित दोन्ही खरे असेल. अखेरच्या महिन्यांत ती हाती आरसा घेऊन पडून राही. रूप गेल्याचे उमगले तेव्हा तिने खोलीतले दिवे काढायला लावले. चहाच्या किटलीखालच्या दिव्याचा तेवढा उजेड उरला. औषध, अन्न, सारे ती पलंगाच्या पडद्याआडून हात काढून घेई. पडदा कोणाला सारू देत नसे. ३० सप्टेंबर १७६० रोजी तिचे निधन झाले. वय तिशीच्या आत होते, आणि मागे लहान मुले होती.

२५ ऑक्टोबरला राजाही वारला. पुढच्या वर्षी नव्या राजाच्या वधूला जर्मनीहून इंग्लंडला आणण्यासाठी ज्या मानकरी स्त्रिया गेल्या, त्यांत मारियाची धाकटी बहीण एलिझाबेथ होती. २२ सप्टेंबर १७६१ रोजी लंडनमध्ये राज्याभिषेक झाला.