स्वदेशी विमानरचनेचे शिल्पकार

भारतात विमानरचनेचा पाया घालणारे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात झाला. जर्मनीतील गटिंगेन येथे वायुगतिकीचे थोर अभ्यासक लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट संपादन केली.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे सुपुत्र, उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. महायुद्धाच्या निकडीपोटी तेथे कर्टिस हॉक या अमेरिकी लढाऊ विमानाची जुळणी झाली. परंतु दुसऱ्याच्या आराखड्यावरून विमान जोडणे वेगळे आणि ते स्वतः रचणे वेगळे. घाटगे यांनी हे अवघड काम पत्करले. युद्धकाळातच त्यांनी दहा आसनी ग्लायडरची रचना केली. १९५१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले.

फॉके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले, तेव्हा अनुभवी भारतीय रचनाकार मोजकेच होते. टँक यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘मरुत’ने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले आणि १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविला. मात्र पुरेशा शक्तीचे इंजिन न लाभल्याने त्याचा अपेक्षित वेग कागदावरच राहिला. सांगाडा स्वदेशी असला तरी इंजिनासाठीचे परावलंबित्व संपले नव्हते.

घाटगे यांना १९६५ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.