डॉ. कमला सोहोनी

हिवाळ्यात सुरतेत सकाळी नीरा मिळते. तिचे पोषणमूल्य अभ्यासणाऱ्या डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) इंदूरला जन्मल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्ये व नीरा यांवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुलांची प्रकृती नीरेने सुधारते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. १९९८ साली त्यांचे निधन झाले. पालकांनो, प्रयोगशाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला अडवू नका.