बाबूराव पेंटर आणि पडद्यावरचा कीचक
कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना महाराष्ट्र ओळखतो तो बाबूराव पेंटर या नावाने. जन्म ३ जून १८९० चा. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि चुलतबंधू आनंदरावांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली.

पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी निवडलेला विषय धाडसाचा होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातील सत्तांध कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला होता आणि विटंबिलेल्या सैरंध्रीत पराधीन देश. म्हणूनच १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, तेच कथानक ‘सैरंध्री’ या मूकपटातून पुण्यात पडद्यावर आले. त्यात संवाद नव्हते. परंतु भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका जिवंत उतरला, की सरकारने त्या दृश्याला कात्री लावली. शब्द नसले तरी चित्र बोलते, याची ती राज्यकर्त्यांनीच दिलेली कबुली होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी सावकाराच्या सत्तेखाली भरडला जाणारा शेतकरी दाखविला. त्यांच्या तालमीत वाढलेल्या शांतारामांनी १९३३ मध्ये ‘प्रभात’तर्फे ‘सैरंध्री’ पुन्हा पडद्यावर आणली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.