कुरणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

आमच्या जळगाव-धुळ्याकडील खेड्यापाड्यांत अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाही असे घर विरळाच. परंतु त्या शब्दामागील कल्पना प्रथम कोणी अमलात आणली, हे सांगणारे फार थोडे भेटतात. म्हणून कै. ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र आम्ही ह्या स्मरणिकेत वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. मुलींनी चार बुके शिकणे हेच पुष्कळ मानले जाई, अशा काळी १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या विद्यालयाचे प्रमुखपद त्यांना लाभले. तेही मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाईंनी मारिया माँतेसरी ह्या इटालियन विदुषीची पद्धती स्वीकारली होती. माँतेसरीबाई कॅथोलिक होत्या. त्यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील गरीब वस्तीत उघडले. आमच्या देशात मात्र ह्या पद्धतीची साधने महाग पडत, आणि तिचा लाभ बहुधा सुखवस्तू घरांतील मुलांनाच होई. गिजुभाईंसह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केल्यावरही ताराबाईंच्या मनाला हे शल्य बोचत राहिले.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी जाऊन राहिल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. अनुताई वाघ ह्या त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. आई मजुरीस जाई आणि थोरली मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन घर राखी. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावे, गाणी-गोष्टी सांगाव्या, असा तेथील क्रम असे. विकत घ्यावयाच्या साधनांऐवजी शंखशिंपले, चिंचोके, पाने, बिया आणि माती ही साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सर्व मूल त्यांवरूनच शिके.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे रानात. घंटा कितीही वाजवा, ती कोण ऐकणार? म्हणून शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असता मुले खड्यांवर हिशेब करीत, झाडापाल्यांतून सृष्टिज्ञान घेत. हीच ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही त्यांनी चालविली; त्यामुळे कडेवरच्या भावंडासाठी बहिणीचे शिक्षण बुडण्याचे कारण उरले नाही. मुलांना रानात सोडले की निसर्ग आपोआप शिकवितो, असे सांप्रत काही हौशी मंडळी म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. वारली मुलास रान आधीच ठाऊक होते. त्या ज्ञानास अंक-अक्षरांची जोड देणारा शिक्षक त्यास हवा होता, आणि तो तयार करण्यातच ताराबाईंची हयात गेली.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या निवर्तल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताईंनी कोसबाडचे कार्य १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, सांभाळले.

अंगणवाडी आमच्या गावोगावी पोचली; कुरणशाळा मात्र मागे राहिली. दिवाळी सरली की खानदेशातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस निघतात, आणि मुलेही बैलगाडीत, ट्रकमध्ये त्यांच्यासंगे जातात. मूल उसाच्या फडात धाकट्यास सांभाळीत बसते, आणि शाळा गावातच राहते.