देहूच्या वाण्याने बुडवलेली कर्जखते

वैतरणा नदी समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव आहे. मुखाच्या पलीकडे अर्नाळा आणि त्याच्या दक्षिणेला वसई. सतराव्या शतकात हा किनारा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. सत्ता कोणाचीही असो, व्यापाराच्या वाटा मात्र जुन्याच होत्या. किनाऱ्यावरचे मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवरून घाट चढत आणि देशावरचे धान्य त्याच वाटांनी कोकणात उतरत असे. शेकडो बैलांचे तांडे हाकणारे लमाण आणि वंजारी जसे या वाटांवर असत, तसेच चार-दोन बैलांवर सारा संसार तोलणारे लहान वाणीही असत. त्यांच्यापैकीच एका वाण्याचे नाव महाराष्ट्राच्या ओठांवर आजही आहे. ते नाव म्हणजे देहूचे तुकाराम बोल्होबा आंबिले.

संत म्हणून तुकोबांना सारेच ओळखतात. मात्र अभंगकर्त्या तुकोबांच्या आधी देहूच्या पेठेत एक दुकानदार तुकोबा होऊन गेले, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या दुकानदाराचे हिशेब समजून घेतल्याशिवाय संत तुकोबांनी काय सोडले आणि ते सोडण्याची किंमत काय होती, हे उमगणे कठीण आहे.

पेठेतील घराणे

तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ सालचा मानला जातो. पुण्यापासून जवळच, इंद्रायणीच्या काठी वसलेले देहू हे त्यांचे गाव. मूळ पुरुष विश्वंभरबुवांपासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी चालत आलेली होती. घराणे कुणब्याचे, व्यवसाय वाण्याचा. शेतीच्या जोडीला दुकान, सावकारी आणि गावच्या पेठेची महाजनकी, असा तिहेरी आधार या कुटुंबाला होता. राहण्याचा एक वाडा आणि बाजारपेठेत दुसरा, असे वैभव होते, असे परंपरा सांगते.

वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांना तीन मुलगे होते. थोरला सावजी, मधला तुकाराम आणि धाकटा कान्होबा. वय झाल्यावर बोल्होबांनी कारभार सावजीच्या हाती देऊ केला; परंतु विरक्त वृत्तीच्या सावजीने तो नाकारला. साहजिकच तेरा वर्षांच्या तुकारामाच्या हाती तराजू आला. देणेकरी कोण, घेणेकरी कोण, कोणाचे व्याज थकले, कोणता माल केव्हा भरावा आणि केव्हा काढावा, हे सारे त्या मुलाने शिकून घेतले. पहिली चार वर्षे व्यवहार चोख चालला. पुढे अभंग लिहिण्यासाठी जी अक्षरे उपयोगी पडली, त्यांचा सराव दुकानाच्या वह्यांवरही झालेला असणार.

याच काळात त्यांचे दोन विवाह झाले. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून पुण्याचे सावकार अप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाबाई, म्हणजेच आवली, दुसरी पत्नी म्हणून घरात आली.

उधारीवर उभा व्यापार

त्या काळातील खेड्याच्या दुकानाचे गणित नीट पाहिले, तर पुढील आपत्तीचे मूळ दिसते. कुणब्याच्या हाती रोकड वर्षातून एकदाच, पीक आल्यावर येई. तोवर मीठ, तेल, गूळ, बियाणे आणि अडीअडचणीचे धान्य तो वाण्याकडून उधारीवर नेई. त्याबद्दल कर्जखत लिहून दिले जाई आणि सुगीनंतर मुद्दल व व्याज धान्याच्या किंवा नाण्याच्या रूपाने परत येई. दुकानदार स्वतःही मोठ्या पेठेतील व्यापाऱ्यांकडून उधारीवरच माल उचलत असे. म्हणजे त्याच्या एका वहीत गावाचे देणे आणि दुसऱ्या वहीत त्याचे स्वतःचे देणे. या दोन्ही वह्या एकाच पावसाच्या भरवशावर चालत.

तुकोबा सतरा वर्षांचे असताना आई-वडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ सावजीची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेला तो परतलाच नाही. घरातील माणसे कमी होत होती आणि जबाबदाऱ्या वाढत होत्या. तशात पाऊसही फिरला.

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळाने होरपळून निघाले. शहाजहान बादशहाच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या आणि त्याच धामधुमीत आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. अब्दुल हमीद लाहोरी या दरबारी इतिहासकाराने या दुष्काळातील अन्नान्नदशेची नोंद करून ठेवली आहे. १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यालाही वाटेत प्रेतांचे खच दिसले.

देहूच्या दुकानावर या संकटाचा घाव दोन्ही बाजूंनी बसला. ज्यांच्याकडून येणे होते ते कुणबी देशोधडीला लागले. ज्यांचे देणे होते ते सावकार मात्र दारात उभे राहिले. धान्य महाग झाले, चारा मिळेना, ओझ्याचे बैल दगावले. सासऱ्यांनी व आप्तांनी भांडवल पुरवून दुकान सावरण्याचा प्रयत्न केला, पण अखेर दिवाळे निघालेच. त्याच दुष्काळात रखुमाबाई अन्नावाचून गेली आणि तिच्यामागे लहानगा संतोबाही गेला. तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत या दिवसांची कबुली आहे. बायको अन्नासाठी तडफडून मेली, याची लाज त्यांनी लोकांपासून लपवली नाही.

मिरची, मीठ आणि पन्नास होनांचा नफा

दुकान बुडाल्यावरही जिजाबाईने हार मानली नाही. अठराव्या शतकातील चरित्रकार महिपतींनी आपल्या संतचरित्रांत तुकोबांच्या व्यापाराच्या ज्या कथा सांगितल्या, त्यांत या काळाचे चित्र उमटले आहे. एका कथेत तुकोबा मिरचीच्या गोण्या घेऊन कोकणात उतरतात. गिऱ्हाईक आपल्याच हाताने माप करून घेते, उधारीवर माल नेते आणि हा व्यापारी नामस्मरणात दंग राहतो. वसुलीसाठी अखेर विठ्ठलालाच धावून यावे लागते. परतीच्या वाटेवर एक ठक सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे देऊन त्यांचे पैसे लांबवतो.

दुसऱ्या कथेत जिजाबाई स्वतःच्या शब्दावर दोनशे होनांचे कर्ज काढून देते. तुकोबा मीठ भरतात, विकतात आणि दोनशेचे अडीचशे करतात. म्हणजे व्यापार त्यांना येत नव्हता, असे मुळीच नाही. पण परत येताना कर्जापायी गांजलेला एक गृहस्थ भेटतो आणि सारी रक्कम त्याच्या ओंजळीत जाते. घरी जिजाबाईच्या वाट्याला पुन्हा कर्जच उरते.

या कथांमधील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी त्यांच्यातील वस्तू आणि वाटा खऱ्या आहेत. मीठ कोकणातून देशावर चढत असे. मिरची तर पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आपल्या किनाऱ्यावर आलेली. कथेपुरते का होईना, सातासमुद्रांपलीकडचे पीक देहूच्या वाण्याच्या बैलांवर लादले गेले.

जिजाबाईला कजाग म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मात्र चूल तिला पेटवायची होती, मुले तिला जगवायची होती आणि सावकाराला तोंडही तिलाच द्यायचे होते. भामनाथाच्या डोंगरावर एकांतात बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन अनवाणी जाणारीही तीच होती.

इंद्रायणीच्या डोहात

दुष्काळ सरला तेव्हा तुकोबांच्या मनातील दुकान कायमचे बंद झाले होते. गावकऱ्यांच्या नावची कर्जखते मात्र घरात शिल्लक होती. पीक पुन्हा उभे राहिले की या कागदांची वसुली होणार आणि घराणे सावरणार, हा सरळ व्यवहार होता. कान्होबाला संसार होता. त्याच्या हिश्शावर आपला अधिकार नाही, हे तुकोबांनी ओळखले. कागदांच्या दोन वाटण्या झाल्या. अर्धी खते कान्होबाला देऊन उरलेली अर्धी तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली.

या घटनेचे मोल त्या अर्ध्या वाटणीत आहे. दुसऱ्याच्या पैशावर दानशूर होणे सोपे असते. तुकोबांनी आपल्या वाट्यापुरतेच माफ केले. गावातील कोणते घर त्या दिवशी ऋणमुक्त झाले, याची यादी उरलेली नाही. यादीच तर बुडवली होती! वडिलोपार्जित विठ्ठल मंदिराची पडझड झाली होती, त्याचा जीर्णोद्धारही त्यांनी आपल्या हातांनी केला.

पुढचे चरित्र सर्वश्रुत आहे. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील उपदेश, मग कीर्तन आणि अभंगरचना. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा विरोध आणि अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत सोडण्याची वेळ. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या तरल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. अभंग उतरवून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. तेही घाण्यावर तेल गाळणारे, तराजूची भाषा जाणणारे. तुकोबांच्या वाणीत भांडवल, मुद्दल, माप आणि खरे-खोटे नाणे वारंवार येते, ते पेठेतूनच आलेले आहे. शिवाजीराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, असेही परंपरा सांगते.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० च्या मार्चमध्ये, तुकोबांचे प्रयाण झाले. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. दरवर्षी बीजेला देहूत लाखोंचा मेळा भरतो.

एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या वह्या एकाच नदीत गेल्या. अभंगांच्या वह्यांसाठी तो माणूस तेरा दिवस उपाशी बसला. कर्जखतांसाठी त्याने क्षणभरही मागे वळून पाहिले नाही आणि ती पुन्हा कधी वर आली नाहीत. आजही पाऊस हुकला की महाराष्ट्राच्या गावोगावी दोन वह्यांचा तोच हिशेब मांडला जातो. देहूच्या वाण्याने आपल्या वाट्याचा हिशेब चारशे वर्षांपूर्वीच मिटवला आहे.